चार हजार किलोमीटर उभ्याने

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गवत खात होते.

मस्करी करत नाही. विमानतळाच्या मालवाहू बाजूला, मागच्या शेडमध्ये, पेटीत चढवलेल्या एका तांबड्या घोड्याच्या गालाला गाल लावून साठीकडे झुकलेला एक वाळका माणूस उभा होता आणि दोघं एकाच तालात वाळलं गवत चावत होते. मी नवीकोरी जनावरांची डॉक्टर. पदवी मिळून दोन वर्षं झालेली, अंगावर इस्त्रीचा कोट, हातात यादी. मी विचारलं, "घोड्यांबरोबर जाणारे मोतद्दार कुठे भेटतील?" त्या माणसाने घास एका गालात सरकवला आणि म्हणाला, "बोला की. मी रिकामाच आहे, जेवतोय तो हा." हा म्हणजे घोडा.

आमच्या शहरातून समुद्रापलीकडच्या शहरात घोडे नेणं आणि तिकडचे इकडे आणणं, हा आमच्या कंपनीचा धंदा. शर्यतीचे घोडे, घोडेस्वारीच्या शाळांचे घोडे, कुणा हौशी माणसाने विकत घेतलेली एखादी घोडी. दोन्ही शहरं आशियातलीच. शाळेच्या नकाशावर मी एकदा माझी वीत ठेवून पाहिली होती, करंगळी एका शहरावर आणि अंगठा दुसऱ्यावर बरोबर बसला. प्रत्यक्षात ते अंतर चार हजार पन्नास किलोमीटर आहे. जाताना पाच तास वीस मिनिटं लागतात आणि येताना वारा समोरून असतो म्हणून पाच तास पन्नास. हे आकडे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी एका कागदावर छापून मिळाले आणि मी ते पाठ केले. मामांना (कंपनीत सगळे त्यांना मामाच म्हणायचे) ते पाठ करावे लागले नव्हते. एकतीस वर्षं ते तेवढं अंतर उभ्याने जात-येत होते.

उभ्याने म्हणजे अगदी उभ्याने. घोडा विमानात बसत नाही, झोपत नाही. लोखंडी चौकटीची एक पेटी असते, वरून उघडी, अंगाला अंग घासेल एवढी अरुंद. घोड्याला जमिनीवरच तिच्यात चढवायचं, मग ती पेटी घोड्यासकट उचलून विमानाच्या पोटात सरकवायची. त्या पोटाला खिडकी नसते. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. थंडीही चांगलीच, कारण घोड्यांच्या अंगाची ऊब एवढी की हवा गार ठेवली नाही तर तासाभरात त्यांना घाम फुटतो. पेटीच्या पुढच्या बाजूला मोतद्दाराला उभं राहायला दोन हात जागा असते. घोडा आणि तो यांच्यामध्ये, घोड्याच्या छातीच्या उंचीवर, एक आडवा दांडा. विमान धावायला लागलं की कंपनीची बाकी माणसं पट्टा बांधून बसायची, मामा मात्र कॅप्टनच्या परवानगीने तिथे, घोड्याच्या तोंडापाशी.

आणि गवत चावायचे. त्यामागचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच उड्डाणात सांगितलं. "घोडं घाबरलं की आधी पाय नाही हलत, डॉक्टर, आधी त्याचं तोंड थांबतं. तोंड थांबलं की कान गच्च होतात. कान दुखले की ते आणखी घाबरतं. म्हणून तोंड चालू राहिलं पाहिजे. त्याचं चालत नसेल तर आपलं चालवायचं. बघून बघून तेही चालवतं." मी पुस्तकात शोधलं. कानांचं होतं, पण माणसाने गवत खावं असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

घोड्यांना ते नावाने हाक मारत नसत. घोडा असेल तर बाबा आणि घोडी असेल तर बाई. "अहो बाई, जरा मागे सरा." "बाबा, आता हादरा बसेल हां, रागवू नका." मी आयुष्यात एवढ्या आदराने कुणाशी बोललेलं मला आठवत नाही, माझ्या सासूबाईंशीसुद्धा नाही. मामी, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाल्या होत्या, "मला एकतीस वर्षांत एकदाही अहो म्हणालेले नाहीत. शेपूट नाही ना मला." मामी असं बोलायच्या आणि त्यांच्यासाठी विमानात घालायचे दोन लोकरी स्वेटर स्वतः विणायच्या.

माणसांच्या विमानात मामा एकदाच बसले, भाच्याच्या लग्नाला जाताना. विमान धावायला लागल्याबरोबर ते सवयीने उठून उभे राहिले, पुढच्या सीटवरच्या टकल्या गृहस्थांच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "काही नाही बाबा, काही नाही." हवाई सुंदरी धावत आली. मामांना खाली बसवलं. ते गृहस्थ मात्र उतरताना मामांना भेटून गेले म्हणे. मला विमानाची फार भीती वाटते, तुम्ही हात ठेवलात तेव्हा जरा बरं वाटलं, असं म्हणाले.

मामांच्या डोक्यात त्या चार हजार किलोमीटरचा एक वेगळाच हिशोब होता. त्यांचे वडील ओझ्याच्या गाडीला घोडे जुंपणारे. वडिलांनी शिकवलेलं की घोड्याला त्रास न देता दिवसाला चाळीस किलोमीटर चालवावं, त्याहून जास्त नाही. "म्हणजे हे शहर ते ते शहर, मध्ये समुद्र नसता तर शंभर दिवसांची वाट," मामा सांगायचे. "शंभर मुक्काम. शंभर ठिकाणचं पाणी. वाटेत त्याच्या अंगावरचे केस बदलले असते, डॉक्टर. आपण काय करतो, त्याला पेटीत घालतो आणि पाच तासांनी पेटी उघडतो. त्याला कुणी सांगितलेलं असतं का? ते बिचारं एक पाऊल चाललेलं नसतं आणि गवताचा वास बदललेला असतो."

मी विमानप्रवासाला कंटाळलेल्यांपैकी होते. उशीर झाला की चरफडायचं, चहा कोमट आला की नाक मुरडायचं. मामांचं ते शंभर दिवसांचं ऐकल्यावर मात्र ते सुटलं. आपण काय करतो आहोत हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पाचशे किलोचं एक जनावर, ज्याला ओकता येत नाही, जे स्वतःच्या सावलीला बिचकतं, ते अकरा किलोमीटर उंचीवर डोळे अर्धे मिटून उभ्याने डुलकी घेतं, कारण त्याच्या नाकाशी एक ओळखीचा माणूस गवत चावत उभा असतो. मला हे त्या वेळीही अचाट वाटलं आणि आजही वाटतं.

पलीकडे उतरल्यावर मामा प्रत्येक घोड्याला शंभर पावलं चालवायचे. मोजून शंभर, एका दिवसाचं एक. विमानतळावरची माणसं घड्याळ दाखवायची, गाडीवाला हॉर्न वाजवायचा. मामांची पावलं नव्व्याण्णववर कधी थांबली नाहीत. मी एकदा हिशोब करून त्यांना सांगितलं की मामा, तुमची सातशेच्या वर उड्डाणं झाली, म्हणजे तुम्ही चंद्रावर जाऊन परत आलात, तेही तीनदा. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे गवत आहे का?" नाही म्हटलं. "मग तीनदा कशाला गेलो," म्हणाले.

आता त्या दिवसाचं सांगते. तो सांगायला मला अजून जड जातं, पण तो सोडून मामांबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

सहा घोडे होते, तीन पेट्यांमध्ये दोन-दोन. शेवटच्या पेटीत एक म्हातारा, शांत घोडा आणि त्याच्या शेजारी सात वर्षांची राखाडी घोडी. घोडी पहिल्यांदाच उडणार होती. सकाळी तपासताना मला दिसलं की ती सारखी मान मागे वळवून पोटाकडे बघते आहे. मान वळवून कुशीकडे बघणं हे घोड्याच्या पोटदुखीचं लक्षण. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आतला आवाजही मला जरा मंद वाटला. पोटदुखीची शंका आली की चारा बंद, हे पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांत आहे. मी सांगितलं, हिच्या पुढची गवताची जाळी काढा.

मामा जाळीला हात न लावता म्हणाले, "डॉक्टर, बाई पोटाकडे नाही बघत. मागे फाटकाशी तिच्या तबेल्यातला जुना माणूस उभा आहे, निरोप द्यायला आलेला. त्याला बघतेय."

मी मागे वळून पाहायची तसदी घेतली नाही. मी म्हणाले, "मामा, पदवी कोणाकडे आहे?"

हे वाक्य मी बोलले. भातात खडा लागावा तसं ते मला अजून मधूनच दाताखाली येतं. मामा म्हणाले, "तुमच्याकडे," आणि त्यांनी जाळी काढली.

विमान वर चढताना ते घोडीसमोर उभे राहून चावत होते, पण तिच्या तोंडात काहीच नव्हतं. ती मान ताठ करून, नाकपुड्या फुलवून उभी होती. शेजारचा म्हातारा निवांत खात होता. पहिले तीन तास तसेच गेले. मी पट्टा सोडून दर वीस मिनिटांनी फेरी मारत होते आणि मनात म्हणत होते, बघा, काही झालं का?

तीन तास दहा मिनिटांनी विमान हलायला लागलं. वाऱ्याचा कसला तरी गोंधळ होता आणि त्यातून बाहेर पडायला कॅप्टनने विमान जरा झपकन खाली घेतलं. माझे कान गच्च झाले. मी आवंढा गिळला, ते सुटले. घोडीला गिळायला काही नव्हतं.

ती किंचाळली. घोड्याचं खिंकाळणं वेगळं आणि ते वेगळं. मग मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि खाली आली ती पुढचे दोन्ही पाय आडव्या दांड्याच्या अलीकडे टाकून. दांडा तिच्या पोटाखाली अडकला. आता तिला पुढेही येता येईना आणि मागेही जाता येईना, म्हणून ती मागच्या पायांनी पेटीवर लाथा घालू लागली. त्या पेटीच्या भिंतीपलीकडे हातभर अंतरावर विमानाचा पत्रा होता, आणि पत्र्यापलीकडे दहा किलोमीटर खोल नुसती हवा. बाकीचे पाचही घोडे थरथरायला लागले.

मी गुंगीचं इंजेक्शन दिलं. थांबले. दुसरं दिलं. भीतीने वेड्या झालेल्या जनावरावर ते औषध चालत नाही कधीकधी, हेही पुस्तकात आहे, पण वाचणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. भिंतीवरचा फोन वाजला. कॅप्टन कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "डॉक्टर, आवाज इथपर्यंत येतोय. दहा मिनिटं देतो. त्यात शांत झाली नाही तर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. तो माझा आदेश समजा."

माहीत होतं. विमानात घोडा आवरला नाही तर त्याला कायमचं शांत करायचं, कारण विमानात बाकीचे जीवही असतात. त्यासाठीचं औषध डॉक्टरच्या खिशात असतं. माझ्याही होतं. मी ते कधी वापरलं नव्हतं. मी पाठ फिरवून सुई भरली. भरताना मला एवढंच सुचत होतं की हिचं पोट दुखत नव्हतं. हिला काही झालेलंच नव्हतं. एक माणूस निरोप द्यायला आला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

वळले तर मामा त्यांच्या जागी नव्हते.

ते दांड्यापलीकडे, घोडीच्या बाजूला आत गेले होते. उड्डाणात दांड्यापलीकडे कुणीही जायचं नाही, हे पेटीवरच तीन भाषांत लिहिलेलं असतं. मामा घोडीच्या पोटाखालून वाकून त्या दांड्याच्या खिळीपर्यंत पोचले होते. ती खीळ फक्त आतूनच निघते. त्यांनी ती काढली, दांडा खाली पडला, घोडीचे पाय जमिनीला लागले. आणि आता दांडा नव्हता म्हणून मामा स्वतः दांड्याच्या जागी उभे राहिले. तिच्या छातीला छाती लावून, माझ्याकडे पाठ करून.

"बाहेर या!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं, कारण त्यांचा एक हात मागे आला. पण तो हात मला थांबवत होता. मग त्यांनी बोटं जुळवून दाखवली, चिमूट. गवत हवं होतं.

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. तुम्हाला खरं सांगते, भीती नंतर वाटली, आधी रागच आला. मानेच्या शिरेत ती सुई टोचली की घोडा दोन-तीन क्षणांत कोसळतो. उभा असतो तिथेच. मामा मधे असताना मी टोचलं असतं तर पाचशे किलोची घोडी त्यांच्या अंगावर पडली असती. माझ्या हातात सुई, माझ्या डोक्यावर आदेश, आणि हा म्हातारा माझ्या हाताच्या आणि तिच्या मानेच्या मधे उभा राहून गवत मागतो आहे.

शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याच्या जाळीतून मी मूठभर ओढलं आणि मामांच्या हातात दिलं. अर्धं त्यांनी स्वतःच्या तोंडात कोंबलं, अर्धं घोडीच्या ओठांशी धरलं. ती डोकं झटकत होती. प्रत्येक झटक्याबरोबर मामांचे पाय जमिनीवरून उचलले जात होते. ते परत गाल तिच्या गालाला नेऊन लावत होते आणि चावत होते. मोठ्याने, जबडा पूर्ण फिरवून, जसं घोडं चावतं तसं.

फोन वाजला. मी म्हणाले, "थांबा." कॅप्टन म्हणाला, "डॉक्टर, हे उत्तर नाही." मी म्हणाले, "माझा माणूस आत आहे." मग म्हणाला, "किती वेळ?" मी म्हणाले, माहीत नाही. त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.

किती मिनिटं गेली ते मी पाहिलं नाही. मी फक्त तिच्या जबड्याकडे बघत होते. तिचे डोळे पांढरे झालेले, मानेवर फेस. मामांचा जबडा फिरत होता. मग तिचा खालचा ओठ हलला. थांबला. परत हलला. त्या ओठाने मामांच्या हातातली एक काडी उचलली आणि ती दातांखाली गेली. एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावलं. मग तिने मोठा, लांब श्वास सोडला, मामांचे केस त्या वाऱ्याने उडाले, आणि ती खायला लागली.

मी फोनमध्ये म्हणाले, "खातेय." एवढंच. घोड्यांशी ज्याचा काही संबंध नाही त्या माणसाला मी फक्त 'खातेय' असं सांगितलं आणि त्याला ते समजलं. "बरं," म्हणाला.

पण मामा बाहेर आले नाहीत. दांडा परत लावायचा तर तिला मागे सरकवावं लागलं असतं, आणि तिला आता हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. ते तिथेच उभे राहिले. दोन तास. मी गवत देत राहिले. उतरायची वेळ जवळ आली तेव्हा त्यांनी मान जराशी वळवून मला ओरडून सांगितलं, "उतरताना परत कान दुखतील तिचे. त्यांना सांगा, हळू उतरवा. रोजच्यापेक्षा दुप्पट हळू."

मी कॅप्टनला सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या एकट्याच्या हातात नाही ते. विचारून सांगतो." त्याने खालच्या त्या शहराला विचारलं. कुठल्याशा खोलीत, पडद्यासमोर बसलेल्या कुणातरी माणसाला, ज्याचा चेहरा मी पाहिला नाही आणि नावही मला कळलं नाही. आमच्या पुढेमागे आणखी विमानं होती. आम्ही हळू उतरायचं तर कुणीतरी थांबायला हवं होतं. आकाशात ब्रेक दाबून थांबता येत नाही, गोल फिरत राहावं लागतं.

नंतर मला कॅप्टनने सांगितलं. दोन विमानं फिरत राहिली होती. दोन्ही माणसांची, मिळून चारशे-साडेचारशे माणसं. त्यांतली काही घड्याळ बघून चरफडली असतील, काहींनी कोमट चहाला नाक मुरडलं असेल, माझ्यासारखीच. आणि हे सगळं एका राखाडी घोडीचे कान दुखू नयेत म्हणून, जिला आपण आकाशात आहोत हेही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा मामांच्या पाठीकडे बघत उभी होते. विमान इतकं अलगद खाली जात होतं की जातंय हे कळत नव्हतं. आयुष्यात मला देवळात जे वाटायला हवं आणि वाटत नाही, ते तिथे वाटलं.

पाच तास वीसच्या जागी पाच तास छत्तीस मिनिटं लागली. चाकं टेकली. घोडी चावत होती.

पेटी खाली आली, दार उघडलं, तेव्हा दुपारचं ऊन होतं. मामांना चालता येत नव्हतं. तिचा पाय त्यांच्या उजव्या पायावर पडला होता, बहुधा अगदी सुरुवातीलाच. बूट फाटला होता आणि दोन बोटं मोडली होती. त्यांना मी गवताच्या गाठीवर बसवलं. शंभर पावलं त्या दिवशी सहाही घोड्यांना मी चालवली आणि मामा बसून मोजत होते. घोडीच्या वेळी मी साठावर चुकले तर म्हणाले, "एकसष्ट, डॉक्टर. तिचा एक दिवस खाऊ नका."

आणलेल्या घोड्यांना वेगळं ठेवायचा तिथला तबेला विमानतळाला लागूनच आहे. घोडी शेवटच्या खणात उभी होती. तिच्यासमोर जमिनीवर बसून मी मामांचा पाय बादलीतल्या गार पाण्यात धरला होता. माणसांचा डॉक्टर यायला वेळ होता. तोवर धरलेला राग माझ्या तोंडातून बाहेर पडला.

"मामा, तुम्ही आत का गेलात? मी टोचलं असतं तर? मला आदेश होता."

"म्हणून तर गेलो."

"एका घोडीसाठी जीव घालवला असतात."

"घोडीसाठी नाही हो," मामा म्हणाले. ते पाण्यातल्या बोटांकडे बघत होते. "वाईट वाटलं असतं, पण घोडी गेली असती तर गेली असती. आधीचे डॉक्टर होते ना, तुमच्या आधीचे. त्यांना एकदा टोचावं लागलं होतं. मी तोंड धरलं होतं घोड्याचं. त्यांची तर चूकही नव्हती. विमान उतरलं, ते घरी गेले, आणि परत कधी घोड्याजवळ आले नाहीत. चांगला हात होता त्यांचा. मला तेव्हा सुचलं नाही मधे उभं राहायचं."

त्यांची तर चूकही नव्हती, एवढंच ते म्हणाले होते. पुढचं वाक्य त्यांनी बोलायचं टाळलं होतं आणि ते मला ऐकू आलं होतं.

"चारा मी काढायला लावला," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं. सकाळी तुम्ही आणखी जोरात का नाही सांगितलं मला?"

"सांगायला हवं होतं," मामा म्हणाले. "चुकलंच माझं."

तेव्हा मला रडू फुटलं. हुंदका दाबायचा प्रयत्न केला तर तो आणखीच मोठा बाहेर आला, बादलीतलं पाणी हललं, आणि मी मामांचा पाय दोन्ही हातांत धरून तबेल्याच्या फरशीवर मोठमोठ्याने रडायला लागले.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ रडू दिलं. मग वाकून हळूच म्हणाले, "डॉक्टर, जरा सावकाश. बाई ऐकतेय. तिला वाटेल आपण अजून पोचलोच नाही."